मुलाला करमत नाही, सुचत नाही की वीट आलाय?

ताई, तुम्ही अमळनेर तालुक्यातल्या गावातून लिहिलंय. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा. मे महिना, सकाळी 11 नंतर दारं-खिडक्या लावून सगळे घरात, आणि दर दहा मिनिटांनी ‘मम्मी, बोर होतंय’. शेवटी आजी मोबाइल हातात देते. क्लास लावावा का, मोबाइल द्यावा की रडू द्यावं, आणि मोठीनं धाकट्याला खेळवावं ही अपेक्षा चुकीची आहे का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

आधी शब्दाकडे बघू, कारण निम्मा घोळ तिथंच आहे. मराठीत कंटाळा ‘येतो’ आणि कंटाळा ‘करतात’. येतो तो ताप यावा तसा, आपसूक. करतात तो आळस. मूल ‘येतो’ म्हणतं आणि आपण ‘करतो’ ऐकतो. म्हणून तोंडून निघतं, ‘एवढी खेळणी पडलीत, तरी कसला कंटाळा?’ कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये कंटाळ्याची व्याख्या मांडली. तिचा आशय असा: मनाजोगतं काही करायची इच्छा आहे, पण त्यात शिरता येत नाही, अशी नकोशी अवस्था. इच्छा आहे, हे त्यातलं महत्त्वाचं. आळशी माणसाला काही करायचंच नसतं. कंटाळलेल्या मुलाला करायचं असतं आणि वाट सापडत नसते.

‘बोर’ हा शब्द घराघरात आला आणि त्यानं चार-पाच चांगले शब्द गिळले. माणूस हवं असलं की आपण म्हणायचो ‘करमत नाही’. काय करावं ते कळेना की ‘सुचत नाही’. तेच तेच फार झालं की ‘वीट आला’. अंगात तगमग असली की ‘चैन पडत नाही’. अहिराणीत आजी आजही ‘माले करमत नही’ असंच म्हणत असेल. या चारांवर इलाज चार वेगळे आहेत. मुलाला हे शब्द परत देणं हेच आपलं मुख्य काम. पहिला आठवडाभर तुम्ही विचारायचं, ‘बोर म्हणजे कोणतं? करमत नाही, की सुचत नाही?’ 9 वर्षांची मुलगी दोन-तीन आठवड्यांत स्वतःच नेमका शब्द वापरायला लागते. 5 वर्षांच्या मुलाला चार पर्याय देऊ नका, दोनच द्या: ‘मम्मी हवी, की खेळ हवा?’

सुरुवात ‘चैन पडत नाही’पासून, कारण ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. दुपारी 3 ते 4 च्या सुमाराचा ‘बोर’ बऱ्याचदा तहान, झोप किंवा उकाडा असतो. खेळात तहान विसरणारं मूल पाणी मागत नाही, चिडचिड करतं. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. ‘पाणी पी’ असं दूरून सांगू नका. पेला हातात द्या. पाणी, ताक किंवा पन्हं, दर तास-दीड तासाला. धाकट्याला 1 ते 2 च्या दरम्यान पाऊण तास आडवं होऊ द्या. झोप आली नाही तरी चालेल. मात्र 4 नंतर झोपू देऊ नका, नाहीतर रात्री 11 ला तोच ‘बोर’ पुन्हा ऐकायला मिळेल. पाणी, खाणं आणि पडणं या तीन गोष्टी झाल्याशिवाय बाकी उपाय सुरूच करू नयेत.

‘करमत नाही’ ही आपल्याकडच्या सुट्टीतली खास गोष्ट आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी येते, मामाकडची पोरं येतात, लिंबाला झोका बांधलेला असतो. आठवडाभर घर भरलेलं असतं आणि एके दिवशी सगळे एसटीत बसून निघून जातात. त्यानंतरचे तीन-चार दिवस मूल ‘बोर’ म्हणतं ते खेळ नाही म्हणून नव्हे. घर खायला उठलेलं असतं. तिथं नवं खेळणं दिलं तर ते पाच मिनिटांत बाजूला पडतं आणि आपल्याला मूल हट्टी वाटतं. तिथं नाव घेऊन बोलावं: ‘आत्याची पोरं गेली, करमत नाही ना? मलाही घर ओकं वाटतंय.’ आठवण आली तर ती पळवून लावायची नसते. फोनवर बोलू द्या, पुढच्या भेटीसाठी काहीतरी जपून ठेवायला सांगा.

रोजच्या ‘करमत नाही’ला इलाज आहे दहा मिनिटांचा. घड्याळात बघून 10 मिनिटं, खेळ मुलानं निवडायचा, तुमचे दोन्ही हात मोकळे, फोन दुसऱ्या खोलीत. त्या वेळात शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत. मग स्पष्ट सांगायचं, ‘आता मी भाकरी टाकते, तू इथं ओट्याजवळ खेळ.’ बहुतेक घरांत याच्या उलट होतं: आई तासभर स्वयंपाक करता करता ‘हं, हं’ म्हणत राहते. मुलाला ती पूर्ण कधीच मिळत नाही, म्हणून ते पदर सोडत नाही. आधी पोटभर दिलं तर मूल लांब जायला तयार होतं. दोन मुलं असतील तर दोघांना वेगवेगळी दहा मिनिटं द्या. एकत्र वीस दिली तर ती भांडणात जातात.

आता ‘सुचत नाही’. इथं सल्ल्यांचा सुळसुळाट आहे. एक लोकप्रिय सल्ला असा की कंटाळू द्या, मुलं आपोआप कल्पक होतात. तो अर्धाच खरा आहे. 2014 मध्ये इंग्लंडमधल्या सँडी मान आणि रिबेका कॅडमन यांनी काही लोकांना टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवून काढायचं कंटाळवाणं काम दिलं आणि मग दोन कपांचे जास्तीत जास्त उपयोग सुचवायला सांगितलं. कंटाळलेल्यांनी जास्त उपयोग सुचवले. पण ती मोठी माणसं होती आणि त्यांच्यासमोर काम ठेवलेलं होतं. रिकाम्या खोलीत, हाताशी काही नसताना सोडलेलं 5 वर्षांचं मूल कल्पक होत नाही, बहिणीचे केस ओढतं. कंटाळ्यातून काही निघायला हाताशी सामान लागतं, जवळपास माणूस लागतं आणि वेळ लागतो.

सामानासाठी बाजारात जाऊ नका. केळीच्या पॅकिंगचं पुठ्ठ्याचं एक खोकं घ्या. रावेर-यावलकडेच नाही, आता तुमच्याकडेही ते सहज मिळतं. त्यात ज्वारीच्या धांड्यांचे (वाळलेल्या ताटांचे) वीतभर 10-12 तुकडे, हातभर लांबीचे सुतळीचे 5 तुकडे, 20 चिंचोके, बाटल्यांची 15 झाकणं, एक जुनी ओढणी, 4 खडू, बोथट टोकाची कात्री. यातल्या पाच-सहाच वस्तू एका वेळी बाहेर ठेवा, बाकीच्या वर, आणि दर रविवारी बदला. सगळं एकदम समोर असलं की मूल प्रत्येकाला हात लावतं आणि कशातच शिरत नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात येत-जात असेल तर चिंचोके आणि झाकणं त्याच्या हाती लागू देऊ नका, ती नाका-घशात अडकतात.

चिकटवायला खळ घरीच करा: 2 चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक झाला की उतरवायचा. उन्हाळ्यात दोन दिवस टिकते, मग आंबते. टिकावी म्हणून जुनी माणसं त्यात मोरचूद घालायची. मुलांच्या खळीत ते अजिबात नको, मोरचूद विषारी आहे.

धांड्याची बैलगाडी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पोरं करत आलीत. साल सोलून निघालेल्या बारीक कामट्या आतल्या मऊ पांढऱ्या गरात टोचून जोड द्यायचा. सालीची कड पात्यासारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांनी करायचं, टोचायचं मुलांनी. मातीचे बैल करायचे असतील तर आपली काळी माती एकटी वापरू नका. ती ओली फुगते, वाळताना आक्रसते आणि बैलाचे पाय तडकतात. मुलाचा दिवसभराचा हुरूप त्या तडकेबरोबर जातो आणि ‘मला नाही जमत’ सुरू होतं. तीन भाग मातीला एक भाग बारीक रेती आणि चिमूटभर पिंजलेला कापूस मिसळून चांगलं मळा. सावलीत, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात दोन-तीन दिवस वाळवा. मेच्या उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी सुकतो आणि तडा जातोच.

खोकं देऊन झालं की पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात कठीण. मूल लोळेल, भिंतीला पाय लावेल, दोनदा विचारायला येईल. बहुतेक पालक इथंच हरतात आणि सुचवायला लागतात: चित्र काढ, पुस्तक वाच, गोट्या खेळ. प्रत्येक सूचनेला ‘नको’ येतं, कारण आता नको म्हणणं हाच खेळ झालेला असतो. तुम्ही एवढंच म्हणा, ‘सुचेल. मी इथंच आहे.’ आणि खरंच इथंच राहा, हातात निवडायचे तांदूळ घेऊन. अगदीच अडलं तर फक्त सुरुवात द्या, पूर्ण खेळ देऊ नका: ‘या खोक्यात कोण राहत असेल?’ 5 वर्षांचं मूल जवळ माणूस असताना सुरुवातीला पाच-दहा मिनिटं टिकतं, तेवढं पुरे. 9 वर्षांच्या मुलीकडून अर्ध्या तासाची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. मूल रमलं की कौतुकाला जाऊ नका, फोटो काढू नका, ‘चाक असं लाव’ म्हणू नका. खेळ तुटतो आणि मालकी तुमच्याकडे येते. संपल्यावर विचारा, ‘हे कसं बसवलंस?’ आणि मुंग्यांची रांग बघत किंवा झोक्यावर नुसतं हेलकावत बसलेल्या मुलाला तर उठवूच नका. त्याला कंटाळा आलेला नाही, कंटाळा तुम्हाला दिसतोय.

‘वीट आला’ याला दोन टोकं असतात, फार सोपं आणि फार अवघड, आणि मूल दोन्हीला एकच शब्द वापरतं. ओळखायची खूण ही: सोपं असेल तर मूल भराभर संपवून चुकांसकट वही टाकतं; अवघड असेल तर पेन्सिलीला टोक काढत, पाणी पीत, शिवू नये तसं भोवती फिरत राहतं. सुट्टीच्या अभ्यासात मुलगी दुसऱ्या प्रकारात दिसली तर दहा गणितांतली दोनच समोर ठेवा आणि पहिलं तुम्ही सोबत सोडवा. फळा नीट दिसतो का, हेही शाळा सुरू होण्याआधी डोळे तपासून बघून घ्या. नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात, घरी भिली किंवा पावरी बोलणारी मुलं पहिलीत मराठी पुस्तकापुढे बसतात तेव्हा जे ‘लक्ष नाही, कंटाळतो’ म्हणून नोंदलं जातं ते पुष्कळदा न कळणं असतं. आपल्या घरात अहिराणी बोलणाऱ्या मुलांचंही थोड्या प्रमाणात हेच होतं. ‘कळलं नाही’ म्हणायला लाज वाटते, ‘बोर झालं’ म्हणायला नाही. तिथं घरच्या बोलीत एकदा समजावलं की कंटाळा निम्म्यावर येतो.

घरातलं खरं काम हाही वीट आल्यावरचा चांगला उतारा आहे. खेळण्यातलं लुटुपुटीचं काम मुलांना लगेच ओळखू येतं. या दिवसांत बिबडे, पापड, कुरडया चालू असतात. 9 वर्षांची मुलगी लाट्या मोजून बाराच्या ओळीत लावू शकते, पापड उलटण्याची वेळ घड्याळात बघू शकते. 5 वर्षांचा मुलगा लसूण मोकळा करतो, धुतलेले रुमाल जोडीनं लावतो. गच्चीवरची कामं सकाळी 9 च्या आत उरकावीत. काम लहान असावं, शेवट दिसणारं असावं आणि मुलानं केलेलं आपण पुन्हा करू नये. वाकडी लागलेली ओळ त्याच्यासमोर सरळ केलीत तर उद्या ते येणार नाही.

मोबाइलचं. आजींना दोष देऊ नका. रडणारं नातवंड बघवत नाही म्हणून त्या देतात. पण यातली यंत्रणा समजून घ्या. मूल सहा वेळा ‘बोर’ म्हणतं, पाच वेळा नाही मिळत, सहाव्यांदा मिळतो. मूल त्यातून शिकतं की सहा वेळा म्हणावं लागतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही सहाला नाही म्हणालात आणि दहाला दिलात की ते दहापर्यंत जातं. रोज देण्यापेक्षा कधी देणं कधी न देणं ही सवय जास्त घट्ट करतं. शिवाय बोटाच्या एका सरकवण्यानं नवं चित्र येत असताना धांड्याची गाडी फार हळू वाटते. म्हणून स्क्रीन घड्याळावर चालू द्या, तक्रारीवर नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या सूचनांप्रमाणे 2 वर्षांच्या आत स्क्रीन नको, 2 ते 5 मध्ये दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, 5 ते 10 मध्ये 2 तासांपेक्षा कमी. मी तुम्हाला सव्वापाच ते सहा ही वेळ सुचवेन. स्क्रीन बंद झाल्यावर थोडा वेळ मूल उखडलेलं असतं, आणि सहाला ऊन उतरलेलं असल्यानं त्याला थेट अंगणात नेता येतं. ती तगमग धावण्यात जिरते. दुपारी बंद केलात तर ती चार भिंतींत तुमच्या अंगावर येते.

नियम लावला की पहिले तीन ते पाच दिवस कुरकुर वाढते, कमी होत नाही. ‘उपाय फसला’ असं वाटून लोक नेमके तिसऱ्या दिवशी सोडतात. आजी, आजोबा, वडील सगळ्यांना आधी एकत्र बसवून हे सांगा आणि आजींना मोबाइलच्या जागी दुसरं काहीतरी द्या, नुसती मनाई नको. आखाजीची गौराईची गाणी, कोडी, वातींचा कापूस. नातवंडाला काहीतरी द्यायचं असतं त्यांना, ते देऊ द्या.

क्लास लावावा का? मुलीला पोहणं किंवा तबला शिकायचा असेल तर जरूर लावा. कंटाळा घालवायला लावू नका. सकाळ-संध्याकाळ क्लास असलेल्या मुलाला रिकामा तास दिसला की भांबावायला होतं, कारण वेळ स्वतः भरायचा सरावच नसतो. लावलाच तर एक, सकाळी 7 ते 8. दिवसात निदान दोन मोकळे तास राहू द्या.

मोकळं सोडणं आणि नजरेआड सोडणं मात्र वेगळं. सुट्टीत कंटाळलेली पोरं पाण्याकडे जातात. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. बोरी, पांझरा, गिरणा, तापीच्या पात्रात वाळू उपसलेले खोल खड्डे वरून कळत नाहीत. शेतात शेततळं असेल तर काठाला चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेवा, कुंपण करा, आणि मोठं माणूस असल्याशिवाय पाण्याजवळ नाही हा नियम मोडू देऊ नका.

एक शब्द मी वर मुद्दाम घेतला नाही, ‘मन लागत नाही’. मूल आवडत्या गोष्टींनाही नको म्हणतंय, मित्र आले तरी उठत नाही, झोप-भूक बदललीय आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर त्याला कंटाळा म्हणून सोडू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं बोललं तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. लक्ष न टिकणं हा वेगळा विषय. ते घरी आणि शाळेत दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त दिसत असेल तर तपासणी करावी. सुट्टीतल्या चार दिवसांवरून मुलावर शिक्का मारू नये.

आता मोठीचा प्रश्न. तिनं धाकट्याला दिवसभर खेळवावं ही अपेक्षा नको. ती आई नाही, आणि भावाच्या कंटाळ्याची जबाबदारी अंगावर पडली की तिला भावाचाच वीट येतो. रोज अर्धा तास दोघांचा ठरवून द्या, नंतर दोघांना वेगळे कोपरे. या अर्ध्या तासाला अष्टचंग फार चांगला. फरशीवर खडूनं 5 गुणिले 5 घरांचा पट आखा, मधल्या घरात आणि चारही बाजूंच्या मधल्या घरांत फुली मारा. चार चिंचोके दगडावर एका बाजूनं पांढरे होईतो घासा. एकेकाला वेळ लागतो, ते कामही मुलांनाच द्या. जितके पांढरे वर तितकी घरं पुढे, चारही पांढरे पडले तर चार, एकही नाही तर आठ. धाकट्याला सुरुवातीला चारऐवजी दोनच सोंगट्या द्या, म्हणजे डाव वीस मिनिटांत संपेल आणि त्याचा धीर सुटायच्या आत कोणीतरी जिंकेल. हरल्यावर तो पट पायानं पुसणार आहे. 5 वर्षांची मुलं पुसतातच, त्यावर रागावू नका. खडू त्याच्याच हातात द्या, नवा पट त्यानं आखायचा.